कॅम्पला जरूर न्या, पण ऑपरेशनची घाई नको: फाटलेला ओठ, फाटलेली टाळू आणि मोफत शस्त्रक्रियेच्या टीम्स

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही धडगावच्या वरच्या बाजूला एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवता, शेजारच्या घरात अडीच महिन्यांची मुलगी आहे, तिचा वरचा ओठ डावीकडे पार नाकापर्यंत फाटलेला आणि आत टाळूही फाटलेली, वजन ३ किलो ४०० ग्रॅम. तीन आठवड्यांनी तालुक्याला मुंबईच्या आणि काही परदेशी डॉक्टरांची टीम येतेय, सगळं मोफत. आजी म्हणते एकदाचं करून टाका, वडलांना कोणीतरी सांगितलंय की हे लोक गरिबांच्या पोरांवर हात बसवून घेतात, आणि आई काहीच बोलत नाही. न्यावं की नको, असं तुम्ही विचारलंय.

मी भूल देणारी डॉक्टर आहे. नाशिकला प्रॅक्टिस करते आणि गेली बावीस वर्षं वर्षातून दोन-तीनदा अशा टीमबरोबर जाते, नंदुरबारला, मेळघाटात, दोनदा महाराष्ट्राबाहेर. ओठ सर्जन शिवतो, पण त्या पाऊण तासात पोराचा श्वास माझ्या हातात असतो, त्यामुळे मी जे सांगेन ते त्या बाजूनं असेल.

तर आधी उत्तर. न्या, नक्की न्या, पण तपासणीला न्या. ऑपरेशन या खेपेला होणार नाही असंच घरी सांगून ठेवा, आणि त्या टीमनं ३ किलो ४०० ग्रॅमच्या पोरीला लगेच टेबलावर घ्यायची तयारी दाखवली तर मला आधी कळवा.

ओठाच्या ऑपरेशनसाठी आमच्यात जुना हिशोब आहे, दहा आठवडे वय, दहा पौंड वजन म्हणजे साधारण साडेचार किलो, आणि हिमोग्लोबिन १०. कॅम्पमध्ये आम्ही त्याच्याही पुढे जाऊन पाच किलो धरतो, कारण आजूबाजूला लहान मुलांचं आयसीयू नसतं आणि काही झालंच तर घाट उतरून नंदुरबारला पोचायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तीन आठवड्यांत नीट दूध गेलं तर बाळ रोज २५-३० ग्रॅम वाढतं, म्हणजे कॅम्पपर्यंत फार तर चार किलो. ओठ तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान कधीही केला तरी चालतो, दोन महिने उशिरानं तिचं काही नुकसान नाही. अशक्त बाळाला भूल देण्यात मात्र खूप नुकसान आहे.

आणि ती वाढली का नाही याचं कारण बहुतेक टाळूत आहे. इथे एक गंमत नाही पण गोंधळ दरवेळी होतो. आपण मराठीत डोक्यावरच्या मऊ जागेलाही टाळू म्हणतो आणि तोंडातल्या छतालाही टाळूच. एकदा एका आजीला मी सांगितलं की बाळाची टाळू फाटलेली आहे, तर ती बिचारी घाबरून बाळाच्या डोक्यावरून हात फिरवत बसली, रोज तेल घालून भरत होते हो, म्हणाली, माझ्याच हातानं फाटली का. त्या दिवसापासून मी बोटानं स्वतःच्या तोंडात दाखवून मगच बोलते. तुम्ही पण घरी तसंच दाखवा, विशेषतः आजीला.

आतली टाळू फाटलेली असली की बाळाला ओढून पिता येत नाही, कारण ओढायला तोंडात हवा बंद व्हावी लागते आणि इथे तोंड आणि नाक एकच झालेलं असतं. बाळ अर्धा-पाऊण तास छातीला लागलेलं दिसतं, दमून झोपतं, आईला वाटतं पोट भरलं, खरं तर पोटात जेमतेम काही गेलेलं नसतं. नुसता ओठ फाटलेला असेल तर अंगावर जमतं बऱ्याचदा, टाळूसकट असेल तर नाही जमत, यात आईचा काही दोष नाही हे कृपा करून कोणीतरी तिला सांगा. तिनं दूध हातानं वाटीत काढायचं, उकळून स्वच्छ केलेल्या वाटी-चमच्यानं द्यायचं, किंवा घरात जुनं बोंडलं, म्हणजे चोचीची छोटी वाटी, असेल तर त्यानं, फाटक्या टाळूच्या पोरांसाठी मला अजून बोंडल्याइतकं चांगलं काही सापडलेलं नाही. बाळाला आडवं नाही धरायचं, डोकं वर करून जवळजवळ बसवल्यासारखं धरायचं, थोडं थोडं गालाच्या बाजूनं सोडायचं, मधेमधे खांद्यावर घेऊन ढेकर काढायची. नाकातून दूध आलं तर घाबरायचं नाही, थांबायचं, पुसायचं, परत सुरू करायचं. दर दोन-अडीच तासांनी, रात्री पण. एका वेळेला अर्ध्या तासापेक्षा जास्त लावू नका, पाजण्याच्या कष्टातच बाळाची शक्ती जाते. कॅम्पला नेलंत की तिथल्या नर्सकडून आईला हे स्वतःच्या हातानं करून बघायला लावा. तीन आठवड्यांनी येणाऱ्या टीमचा तुमच्या मुलीला सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, बाकीचं नंतर.

आता वडलांची शंका. ती मी झटकून टाकणार नाही, कारण तिला कारण आहे. या टीम्सचा इतिहास थोडा सांगते म्हणजे कळेल. १९६९ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डोनाल्ड लॉब यांनी इंटरप्लास्ट ही संस्था सुरू केली, सर्जन गोळा करून गरीब देशांत न्यायचे, ऑपरेशनं करायची, परत यायचं. १९८२ मध्ये विल्यम आणि कॅथलीन मॅगी हे नवरा-बायको फिलिपाइन्सच्या नागा शहरात अशाच एका टीमबरोबर गेले, शेकडो कुटुंबं पोरं घेऊन आली, टीमच्यानं थोडीच झाली आणि बाकीच्यांना घरी पाठवावं लागलं. त्यातून ऑपरेशन स्माइल उभी राहिली. आपल्याकडे तर त्याच्याही आधी, १९६८ पासून, अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित दरवर्षी येऊन गावोगाव मोफत प्लास्टिक सर्जरी करायचे, पुढे अपघातात अर्धं अंग लुळं पडलं, कॅन्सरमध्ये स्वरयंत्र गेलं, तरी व्हीलचेअरवर बसून करत राहिले, २०११ मध्ये गेले. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेनं त्यांचे कॅम्प वर्षानुवर्षं भरवले. त्या रांगांत वीस-पंचवीस वर्षांची माणसं असायची, ज्यांचा ओठ जन्मापासून कोणी शिवलाच नव्हता, लग्नं अडलेली, शाळा सोडलेली. मोठ्या माणसाचा ओठ जागा बधिर करून करता येतो, त्यामुळे एका दिवसात पुष्कळ व्हायचे. त्या काळात हे नसतं तर त्या लोकांना काहीच मिळालं नसतं, हे मी मनापासून मानते.

पण विमानानं येऊन पाच दिवसांत जाणाऱ्या टीमचा कमकुवतपणा सहाव्या दिवशी दिसतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट, कुठला कॅम्प ते सांगत नाही. शेवटच्या दिवशी दुपारी, सगळे दमलेले, सामानाच्या पेट्या भरायला सुरुवात झालेली, आणि नऊ वर्षांच्या एका मुलाची टाळू ऑपरेशनला घेतली. मी भूल दिली. ऑपरेशन छान झालं. पाचव्या दिवशी त्यानं घरी कडक भाकरी खाल्ली, आतले टाके सुटले, रक्त आलं, बाप त्याला घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात गेला, तिथे म्हणाले ज्यांनी केलं त्यांना विचारा. कोणाला विचारणार, त्याच्याकडे एक कागद होता इंग्रजीत आणि त्यावर फोन नंबर नव्हता. दोन वर्षांनी तो मुलगा मला दुसऱ्या कॅम्पमध्ये भेटला, टाळूला रुपयाएवढं भोक, पाणी प्यायलं की नाकातून यायचं. दुसऱ्यांदा शिवायला गेलं की आधीचं व्रण झालेलं कातडं ताणत नाही, पहिल्या वेळेसारखं कधीच होत नाही. मला अजून तो बाप आठवतो, त्यानं एका शब्दानं तक्रार केली नाही, नमस्कार केला. तेव्हापासून मी टीमबरोबर जायच्या आधी एकच गोष्ट लिहून मागते, तुम्ही गेल्यावर मागे कोण राहणार, त्याचं नाव आणि नंबर.

म्हणून वडलांना सांगा, शंका आहे ना, मग तिथे जाऊन विचारा. ऑपरेशन कोण करणार, शिकणारा असेल तर शेजारी मोठा सर्जन उभा राहणार का. भूल द्यायला लहान मुलांची सवय असलेला डॉक्टर आहे का, आणि मी तर म्हणेन सर्जनच्या आधी हे विचारा. रात्री वॉर्डमध्ये कोण जागं असणार. टाके सुटले तर कुठे यायचं. चांगली टीम असेल तर या प्रश्नांचा राग येणार नाही, उलट जो चिडेल त्याच्याकडे पोरगी देऊ नका. आणखी एक खूण सांगते, टीमनं किती पोरं केली ते बघू नका, किती परत पाठवली आणि परत पाठवताना काय सांगून पाठवली ते बघा. सर्दी-ताप, कमी वजन, कमी रक्त, हृदयात आवाज, खालचा जबडा खूप लहान आणि जीभ मागे पडणारी, ही सगळी पोरं कॅम्पमध्ये थांबवायची असतात. ज्या कॅम्पमध्ये पहिल्या दिवशी कोणालाच नाही म्हटलं जात नाही तिथली मला भीती वाटते. आई दोन दिवस चालत आलेली असते आणि आपण तिला नाही म्हणतो, ते सोपं नसतं, मी केलंय कितीदा, संध्याकाळी जेवण जात नाही.

तुमच्या भागासाठी एक तपासणी मी डोळे झाकून सांगेन, सिकल सेलची, म्हणजे आईवडलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची. नंदुरबारच्या आदिवासी कुटुंबांत सिकल सेल भरपूर आहे, आणि भुलेत ऑक्सिजन कमी पडला, अंग थंड पडलं किंवा पाणी कमी झालं तर सिकलच्या पेशंटला जिवावर बेतू शकतं. अशा मुलांचं ऑपरेशन करता येतं, पण माहीत असेल तर, तयारीनं. एवढ्या लहान बाळात साधी सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकलची झटपट होणारी पहिली चाचणी, फसवी निघू शकते, इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ताची पक्की तपासणी करायला सांगा. आईवडलांची तपासणी झालेली असेल तर ते कार्ड बरोबर न्या.

पुढे कधी ऑपरेशनचा दिवस येईल तेव्हाचं आत्ताच सांगून ठेवते, कारण हे मला दर कॅम्पला जीव तोडून सांगावं लागतं. उपाशी ठेवायचं. ऑपरेशनच्या आधी सहा तास वरचं दूध बंद, चार तास आईचं दूध बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. सकाळी सहाला वॉर्डमध्ये पंचवीस पोरं एकाच वेळी रडत असतात, आणि प्रत्येक आजीच्या पदराला पार्ले-जीचा पुडा बांधलेला असतो. एकदा टेबलावर घ्यायच्या आधी मी एका बाळाच्या ओठाला बोट लावलं तर चिकट लागलं. साखरपाणी. आजी म्हणाली रडत होतं, दोनच चमचे दिले. मी तिला ओरडले नाही, तिच्या हातात काय होतं दुसरं, पण बाळाचा नंबर शेवटी टाकला आणि तिला बाजूला बसवून समजावलं की बेशुद्धीत ते पोटातलं वर येतं आणि फुप्फुसात जातं, मग आम्ही काही करू शकत नाही. तुम्ही शिक्षक आहात, तुमचं ऐकतील, आदल्या रात्री तुम्ही घरी जाऊन सांगा, आणि त्यांच्या भाषेत सांगा.

आत काय होतं तेही सांगते, आईला भीती असते ना. बाळाला मास्कनं झोपवतो, तोंडातून श्वासनळीत नळी जाते, ती खालच्या ओठाच्या मधोमध चिकटवतो म्हणजे वरचा ओठ वाकडा ओढला जात नाही. बोटाला किंवा पायाच्या अंगठ्याला एक लाल दिव्याची क्लिप असते, तिचा टिक-टिक आवाज चालू असतो. ऑक्सिजन उतरला की त्या आवाजाचा सूर खाली जातो. खोलीत मराठी, इंग्रजी, हिंदी सगळं चालू असतं, पण तो सूर अर्धा जरी उतरला तरी सगळे एकदम गप्प होतात, सर्जनचा हात थांबतो. सर्जन आधी सुई बुडवून निळ्या शाईचे बारीक ठिपके काढतो, कुठलं टोक कुठे येणार त्याचे. ओठाची लाल कड जिथे कातडीला मिळते तिथे एका मिलीमीटरचा फरक पडला तरी तो आयुष्यभर दिसतो, म्हणून शिवण्यापेक्षा या ठिपक्यांना जास्त वेळ लागतो. ओठ फिरवून खाली आणायची ही पद्धत राल्फ मिलार्ड या अमेरिकन सर्जननं १९५० च्या दशकात कोरियात सैन्याबरोबर असताना बसवली, आजही थोड्याफार फरकानं बहुतेक जण तीच करतात.

ओठ झाल्यावर लोक खूश होतात, पेढे वाटतात आणि मग येत नाहीत. सर, मला तुमच्याकडून खरं हवंय ते इथे. ओठानं चेहरा होतो, पण बोलणं टाळूनं होतं. टाळूचं ऑपरेशन साधारण नऊ महिने ते दीड वर्षाच्या आत झालं पाहिजे, म्हणजे मूल शब्द बोलायला लागायच्या सुमारास. उशीर झाला की हवा नाकातून निसटत राहते, प, ब, क, ग हे वर्ण येतच नाहीत. बाबा म्हणायला जावं तर मामा ऐकू येतं. एक सहा वर्षांचा मुलगा स्वतःच्या वडलांना मामा म्हणायचा, वर्गात सगळे हसायचे, त्यानं बोलणंच सोडून दिलं होतं, आणि त्याच्या ओठावरचा व्रण इतका सुंदर भरलेला की कोणी म्हणणार नाही काही होतं. स्पीच थेरपिस्टनं स्टीलची थंड ताटली त्याच्या नाकाखाली धरली आणि पा-पा म्हण म्हणाली, ताटलीवर वाफ धरली. टाळूचं ऑपरेशन आणि पुढचं वर्षभर घरी आईनं करून घेतलेले सराव, त्यानंतर तीच ताटली कोरडी राहिली. हे तुम्ही वर्गातसुद्धा करून बघू शकता, आधी आरशाचा तुकडा फडक्यानं पुसून घ्यायचा. याच पोरांच्या कानात पाणी साठतं, ऐकू कमी येतं, मास्तरांना वाटतं लक्ष देत नाही, म्हणून तिला पुढे बसवा जेव्हा शाळेत येईल तेव्हा. हिरडी फाटलेली असेल तर आठ ते अकरा वर्षांच्या आसपास तिथे हाड भरावं लागतं, सुळा यायच्या आधी. म्हणजे हे काम अठरा वर्षांपर्यंत थोडं थोडं चालतं, एका कॅम्पचं हे काम नाहीच.

म्हणूनच गेल्या पंचवीस वर्षांत चांगल्या संस्थांनी पद्धत बदलली. १९९९ मध्ये सुरू झालेली स्माइल ट्रेन बाहेरून सर्जन आणत नाही, इथल्याच हॉस्पिटलला आणि इथल्याच सर्जनला पैसे आणि ट्रेनिंग देते, वर्षभर मोफत ऑपरेशनं चालू असतात. ऑपरेशन स्माइलनं २०११ मध्ये गुवाहाटीत कायमचं केंद्र उघडलं, दात, बोलणं, आहार सगळं एका छताखाली. त्रिशूरला डॉ. एडनवाला यांनी तर त्याच्या कितीतरी आधी आयुष्य याच कामात घातलं आणि केंद्राला आपल्या मुंबईच्या गुरूंचं, चार्ल्स पिंटो यांचं नाव दिलं. तुमच्या मुलीसाठी मी हाच रस्ता धरेन, कॅम्पमध्ये नोंदणी आणि पाजण्याचं शिक्षण, आणि ऑपरेशन वर्षभर चालणाऱ्या हॉस्पिटलमध्ये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी तुमच्या अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतेच, तो कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, फाटलेला ओठ-टाळू त्यांच्या यादीत आहे, त्यांच्याकडून नाव नोंदवून जिल्हा रुग्णालयाच्या केंद्रात पाठवायला सांगा. एक अडचण तुमच्याकडची, दिवाळीनंतर निम्मा पाडा ऊसतोडीला गुजरातमध्ये जातो. घरच्यांना विचारा यंदा जाणार का, आणि तारीख त्यांच्या जाण्या-येण्यावरून ठरवा, नाहीतर टाके काढायच्या वेळी मुलगी बारडोलीच्या फडात असेल.

ग्रहणाचं तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय, की आजी सुनेला बोल लावते, ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून. ही ओळ तुम्ही पहिली लिहायला हवी होती. ओठ गर्भात पहिल्या सहा-सात आठवड्यांत जुळतो, टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत. कित्येक बायकांना तोवर दिवस गेलेत हेही धड कळलेलं नसतं. तुम्ही आजीला विचारा, ग्रहण कितव्या महिन्यात होतं. मी दरवेळी विचारते आणि उत्तर बहुतेक वेळा पाचवा, सहावा, सातवा येतं. तोपर्यंत ओठ व्हायचा तसा होऊन गेलेला असतो. जगभरात साधारण सातशे बाळांमागे एक असं जन्मतं, जिथे ग्रहण कोणी पाळत नाही तिथेही. थोडं आनुवंशिक असतं, थोडं पोषण, गरोदरपणी घरातला विडीचा धूर, फिट्सची काही औषधं, आणि बऱ्याचदा कारण सापडतच नाही. पुढच्या बाळंतपणाच्या आधीपासून फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू करायला मात्र सांगा, आशाताईंकडे मिळतात. आणि हे आजीला सांगताना आई समोर बसलेली असू द्या.

तर उद्यापासून एवढं करा. अंगणवाडीच्या काट्यावर दर रविवारी वजन, दरवेळी तोच काटा, कपडे काढून, दूध पाजायच्या आधी. वहीत तारखेसकट लिहा. कॅम्पला जाताना ती वही आईच्या हातात द्या, आणि डॉक्टर विचारतील तेव्हा तिलाच बोलू द्या. दोन रविवारांचे आकडे झाले की मला कळवा, आठवड्याला दीडशे ग्रॅमपेक्षा कमी वाढ असेल तर कॅम्पची वाट बघायची नाही, लगेच नंदुरबारला न्यायचं.